दारूबंदीच्या जिल्ह्यात डायकिरी

क्युबातल्या सँटियागो शहराजवळ डायकिरी नावाचं गाव आहे. तिथं लोखंडाच्या खाणी होत्या. 1898च्या सुमारास जेनिंग्ज कॉक्स या अमेरिकन खाण अभियंत्यानं तिथली रम, लिंबू, साखर आणि बर्फ एकत्र केलं आणि गावाचं नाव पेयाला मिळालं, अशी प्रचलित कथा आहे. आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या यादीत आजही त्याचं माप सोपं आहे: 60 मिली रम, 20 मिली लिंबूरस, दोन छोटे चमचे साखर.

लोखंडाची खाण गडचिरोलीतही आहे, सुरजागडला. लिंबू आणि साखर घरोघरी असते. रम मात्र नाही. चंद्रपुरात 2015 मध्ये आलेली दारूबंदी 2021 मध्ये उठली, पण गडचिरोलीत ती 1993पासून कायम आहे. ती लोकांनी चळवळ करून मिळवली, त्यात बायांचा वाटा मोठा होता, आणि ती टिकावी असंच मला वाटतं. म्हणून इथं प्रश्न वेगळा आहे: डायकिरीतून रम काढली, तर नेमकं काय कमी होतं? हे समजलं तर ती जागा जंगलातल्या मालानं भरता येते.

पहिली उणीव वासाची. वास देणारे बरेचसे रेणू पाण्यापेक्षा अल्कोहोलमध्ये चांगले विरघळतात, म्हणून रममध्ये इतका गंध मावतो. आपल्याकडे या जागी मोह आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली पडणारी ही गरदार फुलं वाळली, की त्यांच्या वजनाचा निम्म्याच्या आसपास भाग साखरच असते. पुणे विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात मोहफुलांतल्या ‘टू-असिटाइल-वन-पायरोलीन’ या रेणूचा अभ्यास आहे. बासमतीचा सुगंध याच रेणूचा. आपल्या जंगलातल्या फुलात हा रेणू आहे, हे मला फार मोलाचं वाटतं, कारण मोह म्हटलं की लोकांना फक्त हातभट्टी आठवते. हा रेणू चटकन उडून जाणारा आहे. त्यामुळे फुलं उकळायची नाहीत. पुंकेसर चोळून काढलेली, स्वच्छ धुतलेली 30 ग्रॅम वाळकी फुलं 100 मिली गरम पाण्यात झाकण ठेवून अर्धा तास भिजवायची आणि गाळायची. या अर्काच्या 60 मिलीमध्ये साधारण सात-आठ ग्रॅम साखर उतरते. म्हणजे रमची जागा भरता भरता साखरेचीही बरीचशी जागा मोहच भरतो. वरून साखर घालायची ती चवीपुरती.

दुसरी उणीव घशातल्या चटक्याची. 2002 साली ‘नेचर न्यूरोसायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधानं त्याचं कारण दाखवलं. उष्णता ओळखणारा टीआरपीव्ही-वन नावाचा संवेदक एरवी 42 अंशांच्या आसपास जागा होतो. अल्कोहोलमुळे ही मर्यादा 34 अंशांपर्यंत खाली येते, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या तापमानाच्याही खाली. मग थंड पेयही जळजळतं. मिरचीतलं कॅप्सायसिन आणि आल्यातलं जिंजेरॉल याच संवेदकावर काम करतात. त्यामुळे आल्याचा चमचाभर रस घातला, की चटका परत येतो, नशेशिवाय.

तिसरी उणीव भरून निघत नाही, ती फक्त सांभाळता येते. अल्कोहोलमुळे गोठणबिंदू बराच खाली जातो, म्हणून बर्फासोबत घुसळलेली खरी डायकिरी उणे पाच अंशांच्या आसपासही पोचते. साखरेच्या पाण्याचा गोठणबिंदू जेमतेम अर्धा-एक अंशच खाली येतो. मोहाचं पेय शून्याजवळच थांबणार. शिवाय आपल्याकडच्या उन्हाळ्याचा हिशेब धरावा लागतो. एक ग्रॅम बर्फ वितळताना 334 जूल उष्णता शोषतो. 30 अंशांवरचं 80 मिली मिश्रण शून्यावर आणायला जवळजवळ 30 ग्रॅम बर्फ वितळावा लागतो, आणि तेवढं पाणी पेयात मिसळतं. चंद्रपुरात पारा 46-47 अंशांवर असताना हे अधिकच जाणवतं. म्हणून अर्क आधी माठात किंवा फ्रीजमध्ये गार करून घ्यावा.

लिंबाऐवजी अंबाडीच्या लाल बोंडांचा रस घेतला तर आंबटपणासोबत रंगही मिळतो. बोंडांतली अँथोसायनिन रंगद्रव्यं आम्लात लाल असतात, आम्ल कमी झालं की जांभळट होतात. रसात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला तर मुलांनाही हे डोळ्यांनी दिसतं. हा प्रयोग वेगळ्या पेल्यात करावा, कारण सोड्यानं चव बिघडते.

एक काळजी मात्र घ्यायलाच हवी. मोहफुलांवर नैसर्गिक यीस्ट असतं. गाळलेला अर्क उबेत राहिला तर ते साखरेचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करायला लागतं. अर्क थंड ठेवावा आणि त्याच दिवशी संपवावा.

चव नेहमी गार झाल्यावर बघावी. थंडीत जिभेला गोडवा कमी जाणवतो, आंबटपणा तेवढा कमी होत नाही, त्यामुळे कोमट असताना बरोबर वाटलेलं मिश्रण बर्फानंतर आंबट लागतं. तुरट, कडवट छटा राहिली असेल तर चिमटीभर मीठ घालावं. मीठ कडूपणा दाबतं आणि दबलेला गोडवा वर येतो.