चोवीस वाफे

सकाळी 6. फेब्रुवारी सरत आलाय. हरभरा ऊन चढायच्या आत काढावा लागतो, कारण दुपारी वाळलेले घाटे हात लागताच गळतात. आमच्या प्रयोगात सहा उपचार, चार पुनरावृत्ती. म्हणजे चोवीस वाफे. काही वाफ्यांत बियाण्याला रायझोबियम चोळलेलं, काहींत स्फुरद विरघळवणारे जिवाणू, काहींत दोन्ही, कमीजास्त खतासह. सहाव्या उपचारात काहीच लावलेलं नाही. पाहुण्यांना तो वाफा दाखवायची कुणाला हौस नसते, पण तो नसेल तर उरलेल्या पाचांची तुलना कशाशी करणार?

6.30. आधी कडेच्या ओळी कापून बाजूला. कडेच्या झाडांना ऊन-वारा जास्त मिळतो, ती उगाच जोमदार दिसतात. पाच बाय तीन मीटरच्या वाफ्यातला आतला चार बाय 2.40 मीटरचा तुकडाच मोजायचा.

“साहेब, ही मर लागलेली झाडं सोडू का? उगा वजन कमी भरंल.”

“नको मावशी, दोरीच्या आतलं सगळं घ्यायचं.”

मावशींचा हेतू चांगलाच असतो. आकडे बिघडतात ते बहुधा अशा चांगल्या हेतूनेच.

8. आज तिसरी आणि चौथी पुनरावृत्ती. हातात घेतलेली पुनरावृत्ती त्याच दिवशी संपवायची. मध्येच पाऊस आला किंवा मजूर बदलले तरी फरक सहाही उपचारांना सारखाच पडतो. कोणता उपचार कुठल्या वाफ्यात, हे पेरणीच्या वेळी चिठ्ठ्या टाकून ठरलंय. नाल्याकडची जमीन खोल, ओल धरणारी. निवड माझ्यावर असती तर आवडता उपचार नकळत तिकडे गेला असता. रोनाल्ड फिशर 1919 मध्ये इंग्लंडच्या रोथॅमस्टेड केंद्रात रुजू झाले आणि तिथल्या शेतांवर काम करताना त्यांनी ही पद्धत बसवली. आपल्याकडे ती रुजली ती पानसे आणि सुखात्मे यांच्या 1954 च्या पुस्तकातून. त्याची जुनी प्रत आमच्या कपाटात अजून आहे.

10. शेजारच्या गावचे अण्णा बांधावर.

“सर, जिवाणूंचा रिझल्ट एक नंबर! यंदा माझा हरभरा बघा.”

“न लावलेला पट्टा ठेवला होता का, अण्णा?”

“सगळ्यालाच लावलं की.”

“मग यंदा थंडी चांगली पडली त्याचं काय?”

अण्णा हसले. खरं तर त्यांचं म्हणणं चूक असेलच असं नाही. पण जिथे वर्षानुवर्षं हरभरा घेतात, तिथे मातीत रायझोबियम आधीच असू शकतो आणि वरून लावलेल्याचा फायदा कमी दिसतो. म्हणून एकाच शेतावरून निकाल देता येत नाही.

1. भाकरी, पिठलं, झाडाखाली थोडं आडवं होणं.

2.30. आधी काढून वाळवलेल्या पुनरावृत्त्यांची मळणी. एक वाफा झाला की ताडपत्री झटकून मगच पुढचा. पिशवीवर फक्त वाफ्याचा क्रमांक. काट्यावर बसलेल्या मुलाला कोणता उपचार आहे हे माहीत नसतं, माहीत असूही नये. दाण्यातला ओलावाही मोजायचा, नाहीतर पाण्याचं वजन उत्पादनात धरलं जाईल. काट्यावर शंभर ग्रॅम इकडेतिकडे झाले तर हेक्टरी क्विंटलभर फरक पडतो. इतक्या फरकावर जाहिराती छापल्या जातात.

5.30. नोंदवही पेनानेच लिहायची. आकडा चुकला तर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता येईल अशी, आणि शेजारी सही. मातीचे डाग पडलेली मूळ वही संगणकात आकडे भरल्यावरही फेकत नाहीत. दोन वर्षांनी कुणी विचारलं तर तीच काढून दाखवावी लागते.

हा दुसरा हंगाम. शिफारशीचा प्रस्ताव राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीपुढे जायला सहसा तीन हंगामांचे आकडे लागतात. जिवाणू लावलेल्या आणि न लावलेल्या वाफ्यांतला फरक क्रांतिक फरकापेक्षा, म्हणजे निव्वळ योगायोगानेही पडू शकेल एवढ्या फरकापेक्षा, कमी भरला, तर अहवालात ‘समतुल्य’ एवढंच लिहिलं जाईल आणि अशा जमिनीतल्या शेतकऱ्याचा जिवाणूंवरचा खर्च वाचेल.