पोपटाची कॅसेट

आमच्या जांब समर्थचा मोठा सण रामनवमीचा. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली त्याच दिवशी इथे झाला, म्हणून देव आणि भक्त दोघांचा जन्मोत्सव एकदमच होतो. मी शाळेत असताना उत्सवात मंदिराकडून मनाचे श्लोक ऐकू यायचे आणि रस्त्यावरच्या कॅसेटवाल्याकडून आनंद शिंदेंचं 'नवीन पोपट हा'. दोन्ही एकाच वेळी. घरी आम्ही सांगायचो फक्त श्लोकांचं.

ऐंशीच्या दशकातली ती कॅसेट तुफान खपली. जाणकारांनी मात्र तिला थिल्लर, अश्लील म्हटलं. एकाच वस्तूला इतकी मागणी आणि इतकी नाराजी कशी, याचं एक उत्तर कॅसेट नावाच्या वस्तूतच आहे. त्याआधी गाणं निघायचं तबकडीवर. तबकडी महाग, तिचं यंत्र महाग, आणि कुणी गायचं हे मोठी कंपनी ठरवणार. कॅसेट आली आणि छोट्या स्टुडिओत, मोजक्या वादकांवर ध्वनिमुद्रण होऊ लागलं. एका खोलीत तिच्या ढीगभर प्रती निघत. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकाने १९९३ साली 'कॅसेट कल्चर' या पुस्तकात उत्तर भारतातला हाच बदल मांडला आहे. आपल्याकडे पोपट उडाला तो लग्नाचे लाऊडस्पीकर, पानटपऱ्या आणि वरातीचे बँड यांच्या जोरावर. वर्तमानपत्रातल्या परीक्षणाची त्याला गरजच पडली नाही.

टीका खोटी होती असं मी म्हणणार नाही. गाणं दुअर्थी आहेच. बसस्टँडवर ते लागलं की पोरी मान खाली घालून निघून जायच्या. माझी ताई म्हणायची, "गाण्याचं काही नाही रे, ते लागलं की पोरं जशी बघतात त्याचं वाईट वाटतं." परीक्षणांत हे मी कधी वाचलं नाही.

पण चित्रपटातल्या लावणीतला चावटपणा ज्यांना शृंगार वाटे, त्यांना इथे तो अश्लील का वाटला? मला वाटतं, गाणारा कोण, ऐकणारा कोण, हेही त्यात होतं. आनंद शिंदे हे प्रल्हाद शिंदेंचे चिरंजीव. भीमगीतांनी जयंत्या गाजवणारं हे घराणं. वडिलांची विठ्ठलाची गाणी लागली की आमच्याकडे लोक हात जोडत आणि मुलाच्या कॅसेटला नाक मुरडत. घसा एकाच घरातला!

परदेशातही असं घडलं आहे. लेड झेपेलिन या इंग्लिश रॉक बँडचा पहिला अल्बम १९६९ साली आला, तेव्हा 'रोलिंग स्टोन' मासिकाने त्याला झोडपलं. पुढे त्याच मासिकाने तो सर्वश्रेष्ठ अल्बमांच्या यादीत घेतला. आनंद शिंदेंना असा मान २००६ साली 'जत्रा' चित्रपटातल्या 'कोंबडी पळाली'ने दिला. संगीत अजय-अतुलचं, सोबत वैशाली सामंत. २०१२च्या 'अग्निपथ'मध्ये त्याच चालीवर 'चिकनी चमेली' आलं आणि एकेकाळी नाकं मुरडणारी घरंही लग्नात त्यावर नाचली. पोपटाबद्दल मात्र कुणी आपलं मत बदलल्याचं लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

ताईच्या मुलाच्या वरातीत डीजेने पोपट लावला. मी तिच्याकडे बघितलं. ती नाचली नाही. बंद कर, असंही म्हणाली नाही.