मुलाचा कैवार

ज्याला आपलें गाऱ्हाणें मांडतां येत नाहीं, त्याचा कैवार कोणीं घ्यावा? मूल शाळेंत आलें नाहीं, कीं आपण त्याला आळशी म्हणतों, आईबापांना बेपर्वा ठरवितों आणि मोकळे होतों. शिक्षकानें मात्र इतक्यावर थांबूं नये.

१९४५ सालीं ताराबाई मोडक यांनीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी. वस्तीवरचीं मुलें बालवाडींत येईनात, तेव्हां या बायांनीं बालवाडीच वस्तीच्या अंगणांत नेली. हीच अंगणवाडी. १९५७ मध्यें केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथील आदिवासी मुलें गुरें राखीत. त्यांच्यासाठीं कुरणांतच शाळा भरूं लागली. धाकटें भावंड सांभाळणाऱ्या मुलींना शाळेंत येतां यावें, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा यांची एकत्र विकासवाडी झाली.

प्रत्येक वेळीं त्यांनीं आधीं मुलाची अडचण पाहिली आणि मग शाळेला वळण दिलें. १९७५ मध्यें सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोंचली.

आपल्या घरींही हें लागू आहे. “एवढ्यांत त्याला लिहावयास बसवूं नका,” असें बालवर्गाच्या बाईंनीं सांगितलें, तर रागावूं नये. आपल्याच मुलाची बाजू त्या आपल्यापुढें मांडीत असतात.