संदर्भ दिला, पण आधार कोठे?

आप्तोपदेशास प्रमाण मानणाऱ्या शास्त्रात वचनाचे मूळ कोठे आहे, हा प्रश्न गौण नाही. चरकसंहितेतील स्थान, अध्याय व श्लोकांक दिला की कोल्हापूरचा वैद्य आणि काशीचा वैद्य एकाच वचनापाशी पोहोचतात. (आवृत्तीनुसार श्लोकांक एक-दोनाने सरकतो, इतकेच.) आधुनिक वैद्यकीय शोधनिबंधांत दिलेल्या संकेतस्थळांच्या दुव्यांबाबत मात्र अशी खात्री देता येत नाही.

सन २००३ मध्ये डेलावाले व सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’, ‘जामा’ व ‘सायन्स’ या अग्रगण्य नियतकालिकांतील दुव्यांपैकी ३.८ टक्के दुवे प्रकाशनानंतर तीन महिन्यांतच निष्क्रिय झाले होते. पंधरा महिन्यांनी हे प्रमाण १० टक्के, तर सत्तावीस महिन्यांनी १३ टक्के भरले. पुढे २०१६ च्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसले की, दर चार दुव्यांपैकी तिहींमागील मजकूर संदर्भ दिल्यानंतर बदललेला होता. आमच्या मते हा प्रकार अधिक घातक होय. बंद दुवा वाचकास सावध तरी करतो. बदललेल्या पानावर तो विश्वास ठेवतो.

आपल्या क्षेत्रातही हे घडते. आयुष विभागाचे २०१४ मध्ये मंत्रालय झाले. केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषदेची जागा २०२१ मध्ये राष्ट्रीय आयोगाने घेतली. अशा स्थित्यंतरांत नावासह पत्ताही बदलतो आणि जुन्या प्रबंधांतील दुवे पोरके होतात.

फार्मसीचालकांनी ही गोष्ट केवळ विद्वानांची समजू नये. २०१० मध्ये आलेल्या नियम १५८-ब नुसार काही प्रकारच्या औषधांच्या परवान्यासाठी प्रकाशित वाङ्मयाचा आधार द्यावा लागतो. अर्जात नुसता दुवा असेल आणि तपासणीच्या दिवशी तो उघडला नाही, तर आधार नसल्यातच जमा. बोस्टन परिसरातील ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये जड धातू आढळल्याचा निबंध २००४ मध्ये ‘जामा’त आला. अशा आक्षेपास उत्तर देताना आपले पुरावे हाताशी हवेत.

या संदर्भात जतूकर्णाचे उदाहरण आम्हांस फार बोलके वाटते. अग्निवेशाच्या या सहाध्यायाचे तंत्र आज उपलब्ध नाही. तरीही त्याची काही वचने आपणांस ठाऊक आहेत, कारण चक्रपाणिदत्तासारख्या टीकाकारांनी केवळ ग्रंथनाम न सांगता वचनेच उद्धृत केली. मूळ ग्रंथ लुप्त झाला. उद्धृत भाग राहिला.

म्हणून संदर्भ देताना आवश्यक वाक्य मूळ शब्दांत उतरवून घ्यावे. लेखक, शीर्षक, नियतकालिक, वर्ष व पृष्ठ लिहावे, डी.ओ.आय. क्रमांक असल्यास तोही द्यावा. प्रकाशकाचा पत्ता बदलला तरी हा क्रमांक बदलत नाही. मात्र प्रकाशकानेच गाशा गुंडाळला आणि लेख अन्यत्र जतन झालेला नसेल, तर क्रमांकही निरुपयोगी ठरतो. ‘इंटरनेट आर्काइव्ह’च्या ‘वेबॅक मशीन’मध्ये पान साठवता येते. तेवढ्यावरही विसंबू नये; याच कामासाठी निघालेल्या ‘वेबसाइट’ नामक सेवेने २०१९ मध्ये नवी पाने स्वीकारणे थांबवले. संपूर्ण लेखाची छापील प्रत त्या त्या उत्पादनाच्या फाइलीत लावावी आणि तिच्यावर पान पाहिल्याचा दिनांक शाईने लिहावा.