खेळा, पण स्वतः बनवून

सुट्टीत साताऱ्या-सांगलीकडची आपली मुले तासन्तास गेम खेळतात नि अम्मी ओरडते. आम्ही म्हणतो, त्यांना गेम बनवू द्या. 2001 साली आलेल्या 'गेम बॉय अ‍ॅडव्हान्स' या हातातल्या यंत्रासाठी घरच्या संगणकावर गेम लिहिता येतो. 'डेव्हकिटप्रो' हा मोफत संच बसवा. कामाच्या फोल्डरच्या नावात मोकळी जागा नको, तिथेच गाडी अडते. 'मेक' आज्ञा दिली की सी भाषेतला प्रोग्राम गेमची फाईल होतो. 'एमजीबीए'वर ती चालते, यंत्र विकत घ्यायला नको. मात्र दुसऱ्याचा विकाऊ गेम फुकट उतरवणे म्हणजे त्याचा हक्क मारणे. हुकूकुल इबादची बाब आहे ही! पडदा अवघा 240 बाय 160 ठिपक्यांचा. इंग्रजी अक्षरे तयार मिळतात. उर्दू-मराठीतले स्वतःचे नाव ठिपक्या-ठिपक्यांनी काढावे लागते. पहिल्या दिवशी तेवढेच करा.