इंग्रजीतून निरोप कसा सांगायचा?

माझ्या वर्गमित्रांनो आणि शाळा बघायला आलेल्या पालकांनो,

घरची माणसे आपल्याला रोज निरोप सांगायला पाठवतात. निरोप म्हणजे एकाचे बोलणे दुसऱ्याला सांगणे. ते दोन तऱ्हेने सांगता येते. बोललेले शब्द जसेच्या तसे सांगितले तर ते डायरेक्ट स्पीच. आपल्या बाजूने फिरवून सांगितले तर इनडायरेक्ट स्पीच. हा धडा मोठ्या वर्गांना असतो, पण माझ्या ताईने मला तो समजावून दिला.

मराठीत हे सोपं आहे. राम म्हणाला, "मला भूक लागली आहे." आपण सांगतो, "मला भूक लागली आहे असं राम म्हणाला." शब्द तेच, फक्त 'असं' लावलं. 'मला' म्हणजे रामाला, हे ऐकणाऱ्याला कळतं. इंग्रजीत तसं चालत नाही. इनडायरेक्टमध्ये 'आय' तसाच ठेवला तर भूक सांगणाऱ्यालाच लागते!

डायरेक्ट : राम सेड, "आय ॲम हंग्री."
इनडायरेक्ट : राम सेड दॅट ही वॉज हंग्री.

आता काय काय बदलले ते पाहा.

१) अवतरण चिन्हे गेली आणि 'दॅट' आला.

२) 'आय'चा 'ही' झाला. सीता बोलली असती तर 'शी' झाला असता.

३) 'ॲम'चा 'वॉज' झाला. रामाचे बोलणे होऊन गेले, म्हणून क्रियापद एक पाऊल मागे जाते. तसेच 'विल'चा 'वुड' आणि 'कॅन'चा 'कुड' होतो. पण सूर्य पूर्वेला उगवतो, असे नेहमीचे खरे असेल तर क्रियापद तसेच ठेवले तरी चालते.

४) 'टुडे'चा 'दॅट डे', 'टुमॉरो'चा 'द नेक्स्ट डे' आणि 'हिअर'चा 'देअर' होतो.

चौथा नियम मराठीतही उपयोगी पडतो. समजा, नर्सबाई सोमवारी म्हणाल्या, "उद्या बाळांना डोस आहे." निरोप घरी पोचला मंगळवारी सकाळी, आणि आपण तसंच सांगितलं, "उद्या डोस आहे." मग आई बाळाला घेऊन बुधवारी जाईल. डोस तर मंगळवारीच होता! बाळाचा डोस चुकला. म्हणून कोण बोललं आणि कधी बोललं, हे निरोप्याने ध्यानात ठेवावं.

प्रश्न असेल तर 'सेड'च्या जागी 'आस्क्ड' येते आणि प्रश्नचिन्ह जाते.
राम सेड टू मी, "आर यू टायर्ड?"
राम आस्क्ड मी इफ आय वॉज टायर्ड.

हुकूम असेल तर 'टोल्ड' आणि 'टू' येतात.
मदर सेड टू मी, "ओपन द डोअर."
मदर टोल्ड मी टू ओपन द डोअर.

आता हे वाक्य तुम्ही वहीत बदलून पाहा :
सीता सेड, "आय कॅन स्विम."

ज्यांना आलं नाही त्यांनी मधल्या सुट्टीत मला विचारा. मी सांगेन.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी