विषाणू, वारसा आणि कर्करोग

नोकरीच्या निमित्ताने काही वर्षे माझे बिऱ्हाड म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यात होते. प्रा. गोपालस्वामी यांनी १९३५ साली आपल्या राहत्या घरी ‘आकाशवाणी’ सुरू केली ती याच शहरात. तेव्हा तिथली एक हकीकत याच माध्यमातून सांगणे अप्रस्तुत होणार नाही.

शेजारी एक मराठी कुटुंब राही. कानडी हेल असलेल्या मराठीत तिथल्या बाईंनी एकदा मला विचारले, “अण्णा, आईला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर झाला होता. मला एचआयव्ही आहे. म्हणजे तेच माझ्याही रक्तात लिहिलेले आहे ना?”

मी वैद्य नव्हे. परंतु प्रश्न मनातून जाईना, म्हणून डॉक्टरांना विचारले, वाचन केले.

या कर्करोगाचे बीज अनुवंशात नसून एचपीव्ही नावाच्या विषाणूत आहे. हा संबंध दाखविणारे झुर हाउझेन यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच पारितोषिकाचा दुसरा अर्धा भाग एचआयव्हीचा शोध लावणाऱ्या बारे-सिनूसी आणि माँतान्ये यांच्या वाट्यास गेला. त्या बाईंच्या शरीरात हे दोन्ही शोध एकत्र येण्याचा संभव होता! निरोगी स्त्रीचे शरीर एचपीव्हीला बहुधा वर्षा-दोन वर्षांत हुसकावून लावते. एचआयव्ही मात्र संरक्षक पेशींचाच नाश करतो. मग एचपीव्ही ठाण मांडून बसतो आणि कर्करोगाचा धोका सुमारे सहापट होतो.

मग अनुवंशाला काहीच स्थान नाही काय? आहे. मंडीतला व्यापारी पोत्यातले मूठभर धान्य तळहातावर घेऊन गिऱ्हाइकाला दाखवितो, तसे आपल्या पेशींवरील ‘एचएलए’ नावाचे रेणू विषाणूचे तुकडे संरक्षक पेशींपुढे धरतात. हे तळहात आईबापांकडून मिळतात आणि प्रत्येकाची घडण निराळी असते. कुणाच्या तळहातावर एक तुकडा नीट ठरतो, कुणाच्या नाही. त्यातील ‘डीआरबी१’ गटाचा १३ क्रमांकाचा प्रकार या कर्करोगापासून काहीसे रक्षण करतो, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. ‘सीसीआर५’ या जनुकातील ३२ अक्षरे गळालेली असली, तर एचआयव्हीबाधितांत लसिकाग्रंथींचा कर्करोग कमी दिसतो, असे १९९९ साली प्रसिद्ध झाले. पण ही गळती युरोपीय वंशाच्या लोकांत आढळते, आपल्याकडे क्वचितच. आईला झालेला रोग मुलीचा धोका थोडा वाढवितो, हेही खरे. तथापि विषाणू आणि खालावलेली प्रतिकारशक्ती यांच्यापुढे हा वारशाचा वाटा लहान आहे.

आणि वारसा बदलता येत नसला, तरी तपासणी करता येते. उस्मानाबाद जिल्ह्यात (आताच्या धाराशिवात) ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,००० हून अधिक स्त्रियांवर मोठा प्रयोग झाला. ज्या गटाला आयुष्यात एकदाच एचपीव्हीची चाचणी देऊ केली, त्यात या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आल्याचे २००९ साली जाहीर झाले. एचआयव्ही असलेल्या स्त्रीने तर ही चाचणी २५ व्या वर्षापासूनच, दर तीन ते पाच वर्षांनी करावी आणि एचआयव्हीवरील औषध एक दिवसही चुकवू नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे.

हे सारे मी बाईंना सांगितले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “तपासणीला मी जाते. धाकटीला अकरावे लागलेय; तिच्या लशीचे तेवढे तुम्ही विचारून ठेवा.”